एकटीनं जायचं नाही

संपादक दादा म्हणाले, या अंकाला इतिहासावर काहीतरी दे. मी म्हटलं, दादा, मी कविता करणारी बाई, गिरणीत कोनावर सूत भरणारी. दहावीच्या आत शाळा सुटली. इतिहास मला कुठला येतो? ते म्हणाले, तुझ्या खात्याचाच लिही. म्हणून लिहिते. चुकलं तर तोंडावर सांगा.

राहते मोहन्यात. उल्हास नदीकाठचं हे गाव वाढलं ते रेयॉनच्या कारखान्यामुळं. तो २००९ साली बंद पडला आणि इथली माणसं कामासाठी चारी दिशांना पांगली. मीही रोज आंबिवलीहून लोकल धरते. ज्या गिरणीत जाते तिचं नाव लिहीत नाही. पोट आहे.

गेल्या साली आमच्या वाइंडिंग खात्यात एक नवी पोरगी लागली. एकोणीस वर्षांची. सुपरवायझर तिला माल मोजायच्या निमित्तानं स्टोअरमध्ये बोलवायचा. हा असा माणूस की नावाआधी आडनाव विचारतो, आणि आडनाव कळलं की त्याची जीभ आणखी सैल होते. एक दिवस पोरगी संडासात जाऊन रडत बसली. आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. ठाऊक होतं आणि आम्ही मान खाली घालून तुटले धागे जोडत होतो, हे आधी कबूल करते. आमच्यातल्या थोरल्या मावशी त्या दिवशी मशीन थांबवून उठल्या. एवढंच बोलल्या, "आजपासनं एकटीनं जायचं न्हाई. एकीला बोलावलं तर दोघी जायाचं."

हा नियम मावशीला कुणी शिकवला? मी शोधायला लागले. लोकलमध्ये, रात्री जेवणं उरकल्यावर, मिळेल ते वाचत गेले. तेव्हा दिसलं की आमच्या खात्याला जुना इतिहास आहे. फक्त तो आमच्या खात्यापर्यंत कुणी आणून दिला नव्हता.

मुंबईच्या कापडगिरण्यांत १९२० च्या दशकात दर पाच कामगारांत साधारण एक बाई होती. बहुतेक जणी वाइंडिंग आणि रीलिंग खात्यात. कामावर घेणं, काढणं, बदली देणं हे जॉबरच्या हातात. बायकांवर वेगळी नायकीण असायची. तीही बाईच, पण काम द्यायला आणि टिकवायला ती पैसे घ्यायची. ज्याच्या हातात तुमची भाकरी, त्याचा हात तुमच्या अंगापर्यंत यायला किती वेळ लागतो? गिरणीतली ही लाचखोरी १९२९ साली नेमलेल्या रॉयल कमिशनच्या १९३१ च्या अहवालात नोंदलेली आहे. नायकिणीची गोष्ट मला महत्त्वाची वाटते. साहेबाच्या जागी बाई बसवली म्हणून बायांचं दुःख हटत नाही. ती बाई कुणाच्या बाजूला उभी राहते ते बघावं लागतं.

त्याच गिरण्यांत आपल्या पुरुषांना विणखात्यात मज्जाव होता. धाग्याला तोंड लावावं लागायचं, आणि आपलं तोंड लागलेला धागा बाकीच्यांना बाटायचा. १९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढं रोखठोक मांडला. त्याच साली, २८ जुलैला, मुंबईच्या कायदेमंडळात बाळंतपणाच्या भत्त्याचं बिल आलं, तेव्हा बाबासाहेब त्याच्या बाजूनं उभे राहिले. बाई राबते त्याचा नफा मालक घेतो, मग तिच्या बाळंतपणाचा काही भार त्यानं का उचलू नये, असा त्यांचा मुद्दा. १९२९ साली तो कायदा झाला. एकाच माणसानं एकाच साली विणखात्याचा दरवाजा आणि बाळंतिणीची खाट, दोन्हींचं भांडण मांडलं. आपल्यातले काही जण पहिलं भांडण पाठ म्हणतात आणि दुसरं विसरतात.

पुढं काय झालं? यंत्रं सुधारली, रातपाळ्या वाढल्या, बाईला रातपाळीची कायद्यानं बंदी, वर भत्ता द्यायचा. मालकांनी हिशेब केला आणि बाया कमी करत आणल्या. मुंबईत १९८२ चा संप झाला तोवर गिरणीत बाई हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली होती. कायदा आमच्या बाजूनं झाला, पण त्याच्यामागं आमची संघटना पुरी नव्हती. म्हणून तो आम्हालाच बाहेर काढायचं निमित्त झाला.

नागपूरला राधाबाई कांबळे होत्या. कापडगिरणीत काम करणारी आपली बाई, पुढं कामगारांची पुढारी झाली. रॉयल कमिशनपुढं त्यांनी साक्ष दिली. विचार करा, गोऱ्या साहेबांचं कमिशन बसलंय आणि एक दलित गिरणीबाई उभी राहून आपल्या खात्याची हकीकत सांगते आहे. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी गावोगाव फिरून अशा बायांची माहिती गोळा केली आणि १९८९ साली 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक काढलं. त्या दोघी गेल्या नसत्या तर राधाबाई माझ्यापर्यंत आल्याच नसत्या. आणि १९४२ च्या जुलैत नागपूरलाच दलित महिलांची परिषद भरली, अध्यक्ष सुलोचनाबाई डोंगरे. पोराबाळांना कडेवर घेऊन आलेल्या बायांनी तिथं ठराव केले.

आता सीमाभागातलं निपाणी. तंबाखूच्या वखारी. तिथं बाया तंबाखू चाळायच्या, निवडायच्या. नाकातोंडात धूळ, मजुरी चिमूटभर, आणि मालक-दिवाणजीची नजर वेगळी. त्यांच्यात दलित बाया होत्या, देवदासी होत्या. देवाला सोडलेली म्हणजे कुणीही हात लावावा, असा गावाचा समज. १९८० च्या सुमारास या बाया युनियनमध्ये आल्या, वखारीबाहेर आल्या. मजुरीबरोबर अब्रूचाही सवाल त्यांनी उघड केला. युगांतर नावाच्या गटानं १९८२ साली त्यांच्यावर बोलपट काढला, तो त्यांच्यातच राहून, त्यांचंच बोलणं ऐकून. छाया दातार यांनी त्यांच्यावर पुस्तक लिहिलं. १९८० सालीच पुण्यात घरकाम करणाऱ्या मोलकरणी संपावर गेल्या आणि त्यांची संघटना उभी राहिली. मोलकरीण तर दुसऱ्याच्या घरात, बंद दाराआड एकटी. तिला एकत्र करणं गिरणीपेक्षा कठीण. तरी झालं.

आणि राजस्थानातली भंवरीदेवी. कुंभार जातीची, सरकारी योजनेत साथीण म्हणून काम करणारी. बालविवाह अडवला हा तिचा गुन्हा. १९९२ साली वरच्या जातीच्या माणसांनी तिच्यावर बलात्कार केला. १९९५ साली खालच्या कोर्टानं त्यांना त्या आरोपातून सोडलं. पण बायांच्या संघटना सुप्रीम कोर्टात गेल्या, आणि १३ ऑगस्ट १९९७ ला विशाखा निकाल लागला. कामाच्या जागी बाईचा छळ झाला तर मालकानं समिती नेमून चौकशी केली पाहिजे, असं त्यात आलं. २०१३ साली त्याचा कायदा झाला. आज एसी ऑफिसात त्याची पाटी चकचकीत फ्रेममध्ये लटकते. ती पाटी एका खेड्यातल्या कुंभारणीच्या रक्तातून आली, हे तिथं कोण वाचतं?

कार्यकर्त्यांनी हा कायदा पाठ करावा. दहा किंवा जास्त माणसं असतील तिथं अंतर्गत समिती पाहिजे. तिची अध्यक्ष बाई, निम्म्याहून कमी बाया चालत नाहीत, एक सभासद बाहेरचा. दहाच्या आत माणसं असतील, किंवा तक्रार खुद्द मालकावर असेल, तर जिल्ह्याची स्थानिक समिती. तक्रार तीन महिन्यांच्या आत लेखी द्यायची. लिहिता येत नसेल तर लिहून घ्यायची जबाबदारी समितीची. चौकशी ९० दिवसांत. समितीच नेमली नाही तर मालकाला ५० हजारांपर्यंत दंड. मोलकरणीलाही हा कायदा लागू आहे. आणि जातीवरून अंगावर आला तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आपल्या हातात आहेच.

आमच्या गिरणीतही समितीचा कागद फळ्यावर होता. अध्यक्ष म्हणून जिचं नाव, ती बाई दोन वर्षांपूर्वीच नोकरी सोडून गेलेली!

आम्ही अकरा जणी ऑफिसात गेलो. पोरगी मध्ये, आम्ही भोवती. अर्ज मी लिहिला, सह्या आणि अंगठे अकरा. साहेब म्हणाला, एकेकीनं या, गर्दी नको. मावशी म्हणाल्या, "एकेकीनंच यायचं म्हणूनच ही वेळ आली, साहेब." नवी समिती बसली. सुपरवायझरची दुसऱ्या पाळीत बदली झाली. बस्स, एवढंच. आमच्यातल्या दोघींना पुढं कामाला बोलावलं नाही, कंत्राट संपलं म्हणून सांगितलं. पोरगीनं काम सोडलं. तिला विचारलं, यावर लिहू का? म्हणाली, "लिही ताई. माझं नाव नको, पण झालं ते सगळं लिही."

म्हणून हा इतिहास तुमच्यापुढं ठेवते, दोस्तांनो. मोर्च्यात आमच्या बाया पुढं चालतात, भाकऱ्या बांधून आणतात, सभेला सतरंज्या अंथरतात. मग शाखेच्या बैठकीत त्या दाराशी का बसतात? ज्या दोघींचं काम गेलं त्यांच्याकडं आपल्यातला एकही कार्यकर्ता आला नाही. मी वाट बघितली. बाबासाहेबांच्या फोटोला हार घालायला वेळ होता.

त्या दोघींच्या घरी मी दर रविवारी जाते. स्थानिक समितीचा अर्ज भरायचाय, कल्याणच्या लेबर ऑफिसात खेटे घालायचेत. मी एकटीच जाते. मावशीचा नियम मोडतेय.

ज्यांना यायचं असेल त्यांनी संपादक दादांकडं निरोप ठेवावा. बाया आल्या तर बरं, बापयेही चालतील. निघायची वेळ सकाळी नऊ, आंबिवली स्टेशन, तिकीटघराजवळ.

जयभीम.