दान ग्राह्य केव्हा? शकुनीच्या फाशांपासून मांडवीतील कॅसिनोपर्यंत

१/ मालवण-वेंगुर्ल्याकडच्या जत्रांत रात्र चढू लागली की दशावतारी नाटक रंगात येते. आख्यान द्यूताचे असेल, तर शकुनी येताच प्रेक्षकांना पुढचे ठाऊक असते: फासे त्याचेच ऐकणार. मात्र एक प्रश्न आपण क्वचितच विचारतो. पडलेले दान ग्राह्य आहे, हे ठरवले कोणी? फाशांच्या खेळाचा इतिहास हा बराचसा याच प्रश्नाचा इतिहास आहे. #थ्रेड

२/ या प्रश्नाचे आजचे सर्वांत काटेकोर उत्तर कॅसिनोतील ‘क्रॅप्स’ या खेळात सापडते. दोन फासे एकाच हाताने, एकाच वेळी फेकायचे. दोन्ही फासे मेजाच्या पलीकडच्या भिंतीवर आपटून परत यायला हवेत. त्या भिंतीवर रबराचे टोकदार उंचवटे असतात, म्हणजे हाताचे कसब तिथे विरून जाते. फासा मेजाबाहेर पडला, तर ते दान बाद.

३/ मग फासा चिपांच्या ढिगाला टेकून तिरपा राहिला तर? ते दान बाद होत नाही. आधार काढल्यावर कोणती बाजू वर येईल, ते पाहून आकडा पुकारला जातो. एक फासा दुसऱ्यावर चढून बसला, तर न्यू जर्सीच्या नियमांनुसार ते दान बाद. म्हणजे आकडा दिसणे आणि दान ग्राह्य असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली निसर्ग घडवतो, दुसरी माणसे.

४/ हा निर्णय कॅसिनोचेच नोकर देतात. मग खेळणारा त्यांच्यावर विश्वास का ठेवतो? विसाव्या शतकाच्या आरंभी जॉन विन या अमेरिकी माणसाने फेकणाऱ्याच्या बाजूने आणि विरुद्ध, अशा दोन्हींकडे पैसे लावण्याची सोय पटावर केली. खोटे फासे एका बाजूला झुकले, तर दुसरीकडे पैसे लावणारा जिंकू लागतो. खोटेपणा बँकेलाच महाग पडू लागला.

५/ आता आपल्याकडे येऊ. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील अक्षसूक्तात हरलेल्या जुगाऱ्याचा विलाप आहे. त्याचे फासे म्हणजे बेहड्याची फळे; त्यांवर ठिपके नाहीत. मूठभर फळे टाकून ती चार-चारने मोजत आणि बाकी काय उरते त्यावर डाव ठरे, असे अभ्यासक मानतात. चाराने पूर्ण भाग गेला की ‘कृत’, एक उरला की ‘कली’. अशा खेळात सारा भरवसा मोजणाऱ्यावर.

६/ महाभारताकडे वळताना एक गैरसमज दूर करायला हवा. शकुनीचे फासे त्याच्या पित्याच्या अस्थींचे होते, ही कथा लोकपरंपरेतली आहे; सभापर्वात ती नाही. तिथे इतकेच सांगितले आहे की शकुनीने कपटाचा आश्रय घेतला आणि ‘जिंकले’ असे पुकारले. हे प्रत्येक पणानंतर घडते. खेळणाराही तोच, निकाल पुकारणाराही तोच.

७/ याहून महत्त्वाची एक गोष्ट सहसा निसटते. युधिष्ठिराने खेळाआधीच हरकत घेतली होती. पण लावणार दुर्योधन आणि फासे टाकणार त्याचा मामा. एकाने दुसऱ्यासाठी खेळणे मला विषम वाटते, असे तो म्हणाला. हरकत योग्य होती, वेळेवरही होती. परंतु ती मान्य करणारा अधिकारी सभेत नव्हता. आणि हरकत घेऊनही तो खेळायला बसला.

८/ मग द्रौपदीचा प्रश्न येतो: युधिष्ठिर आधी स्वतःला हरला की मला? स्वतःवरचा हक्क गमावलेल्याला दुसऱ्या कुणाला पणाला लावता येते का? फाशांवर काय पडले, हे ती विचारतच नाही. दान खरे धरले, तरी डाव वैध होता का, हा तिचा प्रश्न. भीष्म धर्माच्या सूक्ष्मतेकडे बोट दाखवतात. धृतराष्ट्राचाच एक पुत्र, विकर्ण, तेवढा डाव अवैध म्हणतो. बाकी सभा गप्प.

९/ हे मौन भरून काढायचे, तर सभेत अधिकारी हवा. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात तो आहे: द्यूताध्यक्ष. जुगार एकाच नेमलेल्या ठिकाणी. अन्यत्र खेळल्यास १२ पण दंड. कवड्या आणि फासे अध्यक्षाने द्यायचे, तेही निर्दोष. ते बदलणाऱ्याला १२ पण दंड. लबाडीने खेळणाऱ्याला त्याहून मोठा, शिवाय जिंकलेले परत. जिंकलेल्या रकमेतून राज्याला शेकडा ५.

१०/ याज्ञवल्क्य स्मृती आणखी एक पाऊल पुढे जाते. द्यूतातील व्यवहार पाहणारे आणि त्याचे साक्षीदार जुगाऱ्यांतूनच घ्यावेत, असे ती सांगते. खेळ जाणणाऱ्यालाच लबाडी दिसते. जिंकलेले धन मिळवून देणे राजाचे काम, आणि खोट्या फाशांनी खेळणाऱ्याला डाग देऊन हद्दपार करायचे. या स्मृतीवरील ‘मिताक्षरा’ ही टीका विज्ञानेश्वराने लिहिली ती कल्याणीच्या चालुक्यांच्या दरबारात, म्हणजे आजच्या बसवकल्याणला, महाराष्ट्राच्या सीमेलगत.

११/ मनूचे मत नेमके उलट. निर्जीव वस्तूंनी खेळायचे ते द्यूत, प्राण्यांच्या झुंजी लावायच्या ते समाह्वय. राजाने दोन्ही मोडून काढावीत. त्याच्या लेखी ही उघड चोरीच. म्हणजे शासनापुढचे दोन्ही मार्ग तेव्हाच आखले गेले होते: एक तर साक्षीला उभे राहा, नाही तर खेळ बंद करा.

१२/ इंग्रजी अमदानीने मुख्यतः दुसरा मार्ग धरला. १८७२च्या करार कायद्याच्या कलम ३० नुसार पैजेचा करार शून्य, जिंकलेले पैसे मिळवण्यासाठी दावा लावता येत नाही. त्याच कलमात घोड्यांच्या शर्यतीत ५०० रुपये व त्यावरील बक्षिसासाठी दिलेल्या वर्गणीला मात्र सूट. पुढे १८८७मध्ये मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा आला. केवळ कौशल्याचे खेळ त्यातून वगळले. फासे अर्थातच नाहीत.

१३/ त्या काळचा आपला किनारा पाहा. मालवण इंग्रजी अमलाखालच्या रत्नागिरी जिल्ह्यात, सावंतवाडी संस्थानात आणि पलीकडे पेडणे पोर्तुगीजांकडे. सिंधुदुर्ग हा स्वतंत्र जिल्हा झाला १९८१मध्ये. दोन दिवसांच्या पायपिटीत तीन सत्ता आणि तीन कायदे. फासा मात्र सगळीकडे तोच.

१४/ १९७६ हे साल या कथेत फार मोलाचे आहे. त्या वर्षी न्यू जर्सीच्या मतदारांनी अटलांटिक सिटीत कॅसिनोंना मान्यता दिली. त्याच साली गोवा, दमण व दीवचा सार्वजनिक जुगार कायदा झाला आणि महाराष्ट्रानेही कॅसिनो नियंत्रण व कर कायदा संमत केला. महाराष्ट्राचा हा कायदा कधीच अमलात आला नाही. २०२३मध्ये तो रद्द झाला.

१५/ गोव्याने मात्र १९९२च्या दुरुस्तीने पंचतारांकित हॉटेलांत स्लॉट मशीनना आणि १९९६च्या दुरुस्तीने जहाजांवर मेजावरच्या खेळांना वाट दिली. आज मांडवीच्या पात्रातील जहाजावर परवान्यानिशी जुगार चालतो. तेरेखोलच्या खाडीअलीकडे पैसे लावून फासा टाकणे गुन्हा आहे. जिथे गुन्हा आहे तिथे फासे खोटे निघाले, तर हरलेल्याने दाद मागायची कुणाकडे? तक्रार करायला गेला, तर तोही आरोपीच.

१६/ म्हणून कॅसिनो हवेत, असा निष्कर्ष कुणी काढू नये. नियमांत बसणारे दान खिसा वाचवत नाही. क्रॅप्समधील मुख्य पैजेत, प्रत्येक दान निर्दोष पडूनही, जिंकण्याची शक्यता ४९५ पैकी २४४. म्हणजे लावलेल्या दर १०० रुपयांमागे सरासरी १ रुपया ४१ पैसे घराकडे जातात. मनूची भीती निराधार नव्हती. साक्षीदार लबाडी रोखतो, गणित नव्हे.

१७/ तरीही द्यूतसभेचा धडा फाशांपुरता नाही. फासे खोटे होते एवढेच म्हटले, की सारा दोष शकुनीवर ढकलून सभा मोकळी होते. सभापर्व तिला तसे सोडत नाही. हरकत वेळेवर आली होती, प्रश्न स्पष्ट विचारला गेला होता. तिथे कमतरता होती ती ‘हे दान बाद’ असे म्हणण्याचा अधिकार असलेल्याची. आणि ज्यांना म्हणता आले असते, ते कुरूंच्या अन्नाला बांधलेले होते.

थ्रेड समाप्त. तुमच्या गावच्या जत्रेतील फाशांचे, कवड्यांचे नियम आठवत असतील, तर खाली अवश्य लिहा.