बाटलीतला फिनॉल : बेंझिनवर काम करणाऱ्यांच्या तपासणीचा इतिहास

आज आपण एका साध्या बाटलीबद्दल बोलणार आहोत. पाळी संपताना कामगाराच्या हातात दिली जाते ती, लघवीच्या नमुन्याची. रंग, रबर, चिकटवण्याचे सोल्युशन अशा कामांत द्रावकाची वाफ श्वासातून आत जाते. किती गेली, हे त्या बाटलीवरून ओळखायचं. ही कल्पना कारखान्यात कशी आली, आणि नंतर तिचं काय झालं?

बेंझिन घेऊ. १८९७ मध्ये स्वीडनच्या सांतेसन यांनी उप्सालातल्या सायकल-टायरच्या कारखान्यातल्या तरुण मुलींची प्रकरणं नोंदवली. रबर विरघळवायला बेंझिन वापरत असत, आणि मुलींचं रक्त तयार होणंच मंदावलं. त्यातल्या काही दगावल्या. पुढची अनेक वर्षं डॉक्टरांच्या हाती तपासणी होती ती मुख्यतः रक्तपेशी मोजण्याची. आता बघा, पेशी कमी दिसल्या म्हणजे इजा होऊन चुकलेली. वेळ गेल्यावर मिळालेली खबर ती!

त्याआधीची खबर लघवीत होती, आणि रसायनशास्त्रज्ञांना ती ठाऊकही होती. १८६७ मध्येच शुल्ट्झेन आणि नाउनिन या जर्मनांनी दाखवलं होतं की बेंझिनचं शरीरात फिनॉल होतं. पुढे बाउमान यांनी सांगितलं की शरीर हे फिनॉल सल्फेटशी जोडून बाहेर टाकतं. एवढं माहीत असूनही कारखान्यापर्यंत यायला जवळजवळ सत्तर वर्षं लागली. १९३६ मध्ये अमेरिकेच्या खाण विभागातले यांट, श्रेंक आणि त्यांचे सहकारी यांनी लघवीतल्या सल्फेटचं प्रमाण मोजून बेंझिनचा संपर्क ओळखायची पद्धत मांडली. एरवी लघवीतलं बहुतेक सल्फेट असेंद्रिय असतं. बेंझिन आत गेलं की तो वाटा घटतो. पुढे थेट फिनॉलच मोजू लागले.

पद्धत चांगली होती, यात वाद नाही. पण ती ज्या काळात जन्मली त्या काळची हवा लक्षात घ्या. १९४६ मध्ये अमेरिकन आरोग्यतज्ज्ञांच्या यादीत बेंझिनची मर्यादा होती दहा लाख भाग हवेत १०० भाग. एवढ्या वाफेत फिनॉल भरपूर सापडणारच. मग रक्ताच्या कर्करोगाचे पुरावे जमत गेले. इस्तंबूलच्या चप्पल-बूट कारागिरांमध्ये डॉ. मुझफ्फर अक्सोय यांनी ल्युकेमियाचे रुग्ण नोंदवले. मर्यादा उतरली : १९७१ मध्ये १०, १९८७ मध्ये १.

आणि इथेच गोम आहे. फिनॉल काही फक्त बेंझिनपासूनच होत नाही. प्रथिनं पचताना आतड्यातले जिवाणू ते तयार करतात. पोटाच्या नि घशाच्या काही औषधांतूनही ते येतं. हवेतलं बेंझिन पाचच्या खाली गेलं की कामगाराचं फिनॉल आणि घरी बसलेल्या माणसाचं फिनॉल वेगळं ओळखू येत नाही. म्हणजे कामगार मर्यादेच्या तिप्पट-चौपट वाफेत उभा असेल, तरी कागदावर ‘नॉर्मल’! यंत्र खोटं बोलत नव्हतं. मर्यादा उतरली, चाचणी मात्र जुन्या हवेसाठी बेतलेली राहिली. म्हणून १९८७ च्या अमेरिकन नियमात फिनॉलची चाचणी उरली ती गळतीसारख्या अपघातापुरती, लिटरमागे ७५ मिलिग्रॅमच्या खुणेसह. रोजच्या कामासाठी म्युकोनिक आम्ल आलं. पण पदार्थ टिकवायला घालतात त्या सॉर्बिक आम्लाचंही थोडं म्युकोनिक आम्ल होतं. त्यापेक्षा फिनाइलमर्कॅप्ट्युरिक आम्ल नेमकं. विडी-सिगारेट ओढणाऱ्याच्या नमुन्यात मात्र ही दोन्ही वाढतात, कारण धुरातही बेंझिन असतंच.

आपल्याकडे भोपाळनंतर, १९८७ मध्ये, कारखाने अधिनियमात ४१-सी हे कलम आलं : धोकादायक कामावरच्या माणसांच्या आरोग्याच्या नोंदी मालकाने ठेवायच्या, आणि कामगाराला त्या, ठरवलेल्या अटींवर, पाहता आल्या पाहिजेत. पाहायला गेलात तर ‘नॉर्मल’ या शब्दाच्या आधी तीन गोष्टी शोधा : कोणता पदार्थ मोजला, नमुना पाळी संपताना घेतला की दुसऱ्या दिवशी सकाळी, आणि त्या आठवड्यात खात्यातली हवा मोजली होती का.