खुडूक कोंबडीचा हिशेब

परसात चार कोंबड्या आहेत. सकाळी खुराड्यात हात घातला की दोन-तीन अंडी हाताला लागतात. मग एके दिवशी अंडी कमी होतात, आणि घरात कुणाच्या तरी लक्षात येते की तांबडी कोंबडी पंधरा दिवस घालतच नाही. आता तिचे काय करायचे? विकायची, कापायची, की ठेवायची? प्रश्न तसा लहान. पण तो तुमच्या-आमच्या कितीतरी घरांत निघतो, आणि त्याच्या पोटात दीडशे वर्षांचा इतिहास आहे. तो आज थोडक्यात पाहू.

आधी आपली भाषा काय म्हणते ते बघा. दूध न देणाऱ्या गाईला आपण भाकड म्हणतो. कोंबडीला मात्र आपण भाकड म्हणत नाही. आपला शब्द आहे खुडूक. खुडूक झालेली कोंबडी अंडी घालायची थांबते, कारण तिला आता अंड्यांवर बसायचे असते. ती अंग फुलवते, जवळ गेले की कुरकुरते, चोच मारते, खाण्यापिण्यालाही फार उठत नाही. म्हणजे तिने काम सोडलेले नसते, काम बदललेले असते. जुन्या घरातली बाई तिला पाहून खूश व्हायची. टोपलीत भुसकट घालून, दहा-बारा अंडी मांडून तिला रवणीला बसवायची. एकवीस दिवसांनी पिले निघाली की घराची पुढली बेगमी झाली!

गावठी कोंबडी वर्षाला साधारण पन्नास ते सत्तर अंडी देते. हा आकडा आज फार छोटा वाटतो. पण ती अंडी देई, पिले काढी, घारीपासून त्यांना राखी, आणि अखेरीस पाहुण्यांच्या ताटातही येई. ही चार कामे एकाच पाखराकडे होती. त्यामुळे नुसत्या अंड्यांवरून तिला कुणी जोखत नसे.

मग अंडी मोजायची वेळ केव्हा आली? आपल्या पुण्यापुरते पाहायचे, तर ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीची लढाई झाली, पेशवाई बुडाली, आणि शहराच्या अंगाला कॅम्प व खडकी या छावण्या वसल्या. साहेबाच्या टेबलावर अंडे आणि कोंबडी रोजचीच. परसातल्या अंड्याला गिऱ्हाईक मिळाले. तरी कोंबडी तीच राहिली, आणि तिला सांभाळणारी बाईही तीच.

खरा पालट सातासमुद्रांपलीकडे झाला. अमेरिकेत कॅलिफोर्निया प्रांतात पेटालुमा नावाचे गाव आहे. तिथे १८७९ साली लायमन बायस आणि त्याचा जोडीदार आयझॅक डायस यांनी अंडी उबवण्याचे चांगले यंत्र तयार केले. भट्टीत अंडी उबवण्याची विद्या मिसर देशात फार पुरातन आहे. पण हे यंत्र कुणाही शेतकऱ्याला घरी ठेवता येण्याजोगे होते. यंत्र आले आणि कोंबडीचे एक काम गेले. आता खुडूक होणे हा गुण राहिला नाही, तो दोष ठरला. इटलीकडून आलेल्या पांढऱ्या लेगहॉर्न जातीची निवड पिढ्यान्‌पिढ्या अशी होत गेली, की ती सहसा खुडूक होतच नाही. नुसती अंडी देत राहते, वर्षाला तीनशेच्या घरात.

त्याच पेटालुमात १९१३ साली वॉल्टर होगन नावाच्या गृहस्थाने एक पुस्तक छापले. कोंबडी हातात धरून, तिच्या कमरेची हाडे बोटांनी चाचपून, ती घालणारी आहे की नाही हे कसे ओळखावे, ते त्यात सांगितले होते. न घालणारी निवडून काढावी, हा त्याचा मथितार्थ. मौज बघा, ज्या गावाने कोंबडीचे उबवण्याचे काम काढून घेतले, त्याच गावातून तिला निवडून काढण्याची रीतही आली!

आपल्याकडे हा हिशेब पक्का झाला तो विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, आणि त्यात पुण्याचा वाटा मोठा आहे. बी. व्ही. राव यांनी १९७१ साली सुरू केलेल्या वेंकटेश्वरा हॅचरीजचे मुख्य ठिकाण पुढे पुणे झाले. १९८२ साली राष्ट्रीय अंडी समन्वय समिती स्थापन झाली आणि अंड्याचा भाव सांगण्याचे काम उत्पादकांनी आपल्या हाती घेतले. मोठ्या फार्मवर कोंबडी रोज शंभर-एकशे दहा ग्रॅम विकतचे खाद्य खाते. दीड वर्षाची झाली, अंडी उतरली, की खाद्याचा खर्च निघत नाही. म्हणून सगळा कळप एकदम काढतात. फार्मवाल्याच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. त्याला दोष देण्यात अर्थ नाही.

चूक होते ती आपली. फार्मचा हिशेब आपण परसात आणतो. परसातली कोंबडी खरकटे, किडे-मुंग्या, सांडलेले दाणे यांवर जगते. तिचा खर्चच वेगळा, मग तिचा निकाल त्याच मापाने कसा लावायचा?

याचा धडा मला घरीच मिळाला. आम्ही तेव्हा हडपसरच्या पुढे राहत होतो. आईच्या कोंबड्या होत्या. अंड्यांच्या पैशांतून आमच्या वह्या यायच्या. एक काबरी कोंबडी घालीना. वडील म्हणाले, फुकट पोसायची कशाला? दारावर आलेल्या कोंबडीवाल्याला त्यांनी ती देऊन टाकली. आठवड्याने कडब्याची गंजी हलवली, तर मागे अकरा अंडी, थंडगार! ती चोरून घालत होती आणि त्यांवर बसायच्या बेतात होती. आई काही बोलली नाही. तिने ती अंडी उचलून उकिरड्यावर टाकली. ती गप्प राहिली, तेच मला अजून टोचते.

तेव्हा वाचकहो, निकाल देण्याआधी थोडी चौकशी करा. आधी कुंपण, गंजी, अडगळ शोधा. दुसरे, दिवस कोणते आहेत ते पाहा. पुण्यात डिसेंबरात दिवस अवघा अकरा तासांचा असतो. उजेड कमी झाला की अंडी कमी होतात. तिसरे, ती पिसे गाळते आहे का? तसे असेल तर दोन-तीन महिने तिला विसावा द्या. ती पुन्हा धरते. चौथे, ती खुडूक असेल आणि पिले नको असतील, तर हवेशीर जागी, भुसकट न घालता, दोन-चार दिवस डालून ठेवा. दाणापाणी मात्र तोडू नका. शेवटी होगनची रीत वापरा. शेपटीखालच्या दोन हाडांत दोन-तीन बोटे मावली आणि तुरा लालभडक असला, तर ती घालते आहे. जेमतेम एक बोट मावले आणि तुरा सुकलेला असला, तर थांबली आहे.

इतके करून ती खरोखरच म्हातारी ठरली, तर मग काय? खाणाऱ्यांनी खावी, मांस चिवट असते, मंद आचेवर फार वेळ शिजवावे लागते. न खाणाऱ्यांनी विकावी किंवा राखावी. पण गावठी असेल आणि अजून खुडूक होत असेल, तर मी म्हणेन, ठेवा. सुधारित जातीची अंडी तुम्ही आणाल, पण वीज गेली की यंत्र थंड पडते, आणि लेगहॉर्न काही त्यांवर बसायची नाही. ती पिले काढायला हीच म्हातारी उपयोगी पडेल.

शिक्षक बंधुभगिनींनो, मुलांना हा हिशेब वहीत मांडायला सांगा. अंडी किती, खाद्य किती, पिले किती, आणि कोंबडी कुणाची, हेही त्यात लिहायला सांगा. कारण बहुतेक घरांत कोंबडी आईची असते, आणि तिचा निकाल मात्र दुसरेच कुणी लावते. पहिल्यांदा तिला विचारावे. कोंबडी खुडूक आहे की म्हातारी, हे तिला बोटे न लावताच ठाऊक असते.