एडिथ स्टाईन यांचा अर्ज

९ ऑगस्टला ख्रिस्तसभा क्रुसाच्या संत तेरेजा बेनेडिक्टा यांचे स्मरण करते. ऑश्विट्झच्या छळछावणीत मारल्या गेलेल्या या कार्मेल भगिनीची हौतात्म्यकथा आम्ही सेमिनरीत असताना ऐकली होती. त्यांनी सरकारदरबारी धाडलेल्या एका अर्जाची हकीगत मात्र मी धर्मगुरू झाल्यावर कितीतरी वर्षांनी वाचली आणि आपण या संताला अर्धेच ओळखत होतो, असे वाटले.

त्यांचे पूर्वाश्रमीचे नाव एडिथ स्टाईन. १२ ऑक्टोबर १८९१ रोजी ब्रेस्लाऊ येथील ज्यू कुटुंबात त्यांचा जन्म झाला. हे शहर आज पोलंडमध्ये आहे. त्या दोन वर्षांच्याही झाल्या नव्हत्या तोच पितृछत्र हरपले. आईने लाकडाचा व्यापार सांभाळून सर्व मुलांना वाढवले. बाईमाणसाला व्यवहार कळत नाही, असे त्या घरात म्हणण्याची कोणाची छाती झाली नसती! विद्यार्थिदशेतच एडिथ स्त्रियांच्या मताधिकारासाठी झटणाऱ्या संघटनेत सामील झाल्या. १९१६ साली फ्रायबुर्ग विद्यापीठात तत्त्वज्ञ एडमुंड हुसेर्ल यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी सर्वोच्च श्रेणीत डॉक्टरेट मिळवली. दुसऱ्याच्या अंतःकरणातील अनुभव आपल्याला कसा उमगतो, हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता.

१९१८ च्या नोव्हेंबरात जर्मन स्त्रियांना मताधिकार मिळाला. एडिथ नव्या लोकशाही पक्षाच्या कामात उतरल्या, परंतु पक्षीय राजकारणाचा त्यांना लवकरच वीट आला.

त्यांना विद्यापीठात शिकवायचे होते. त्यासाठी डॉक्टरेटनंतर आणखी एक प्रबंध सादर करून अध्यापनाचा अधिकार मिळवावा लागे. १९१९ साली ग्योटिंगेन विद्यापीठाने त्यांचा प्रबंध न तपासताच परत केला. कारण एकच, उमेदवार स्त्री होती. खुद्द हुसेर्ल यांनीही शिफारस केली ती अशी की, हे क्षेत्र जर स्त्रियांना खुले झाले, तर सर्वप्रथम आपण यांचेच नाव सुचवू. त्या ‘जर’मध्ये सारे आले.

एडिथ गप्प बसल्या नाहीत. नव्या राज्यघटनेने स्त्री-पुरुषांना समान नागरी हक्क दिले होते. त्यांनी प्रशियाच्या शिक्षणमंत्र्यांकडे अर्ज केला. २१ फेब्रुवारी १९२० रोजी मंत्रालयाचा निर्णय आला: स्त्री असणे हा या अधिकाराच्या आड येणारा अडथळा मानू नये.

या निर्णयामुळे इतर स्त्रियांची वाट मोकळी झाली. अर्जदार बाईंना मात्र विद्यापीठाचे अध्यापनपद कधीच लाभले नाही.

१ जानेवारी १९२२ रोजी त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि पुढे श्पायर येथे डोमिनिकन भगिनींच्या शाळेत आठ वर्षे शिकवले. संत थॉमस अक्वायनस यांचा ग्रंथ जर्मन भाषेत आणला. स्त्रीला करता येणार नाही असा कोणताच व्यवसाय नाही, असे त्या कॅथलिक व्यासपीठांवरून सांगत. स्त्रीचा स्वभावधर्म वेगळा असतो, हेही त्या तितक्याच ठामपणे मांडत. आजच्या काही भगिनींना ते रुचणार नाही, परंतु त्यांनी ते लपवले नाही.

१९३२ साली म्युन्स्टरच्या एका अध्यापन संस्थेत त्यांना जागा मिळाली. पुढच्याच वर्षी हिटलर सत्तेवर आला आणि ज्यू म्हणून तीही गेली. त्याच वसंत ऋतूत त्यांनी आणखी एक अर्ज लिहिला, या वेळी पोप पायस अकरावे यांना. ज्यूंच्या छळाविरुद्ध ख्रिस्तसभेने बोलावे, अशी त्यांची विनवणी होती. ते पत्र २००३ साली जगासमोर आले.