पडशीतले ओझे आणि ट्रकमधले ओझे

पंढरीच्या वाटेने चालणाऱ्याला सामानाची चिंता नको, गळ्यात माळ आणि हातात टाळ असले की पुरे, बाकीचे पांडुरंग बघतो, हे मत आपल्याकडे इतके रुजले आहे की लांबच्या पायी प्रवासाला काय घ्यावे आणि ते कसे बांधावे असे विचारणारा माणूस श्रद्धेत कमी पडला असे धरले जाते. या मताचे समर्थक परदेशातला दाखलाही देतात. एमा गेटवूड या सदुसष्ट वर्षांच्या अमेरिकन बाईंनी १९५५ साली अपलाचियन ट्रेल ही तीन हजार किलोमीटरांहून लांब डोंगरवाट एकटीने पार केली. घरी शिवलेली झोळी, कॅनव्हासचे बूट आणि आडोशाला न्हाणीघरातला प्लॅस्टिकचा पडदा, एवढेच त्यांचे साहित्य.

हा पूर्वपक्ष दुबळा नाही. दुकानदाराच्या यादीप्रमाणे भरलेली पाठपिशवी चालणाऱ्याला खरोखरच छळते. पायातल्या एक किलो वजनाला पाठीवरच्या तेवढ्याच वजनाच्या पाच-सहा पट शक्ती लागते, हे लष्करी शरीरशास्त्राच्या प्रयोगांतून दिसून आले आहे. म्हणजे जड, महाग बूट घालून निघणारा ओझे सर्वांत वाईट जागी बांधून निघतो. कमी घ्यावे, इथपर्यंत माझा वाद नाही.

वाद आहे तो ‘लागत नाही’ या शब्दांशी. दिंडीच्या पुढेमागे ट्रक असतो. त्यात वळकट्या, राहुट्या, शिधा आणि भांडी असतात; सोबत पाण्याचा टँकर धावतो. त्यासाठी वारकरी भिशी भरतो, आणि मुक्कामाला पोचतो तेव्हा चूल आधीच पेटलेली असते. हे आजचे लाड आहेत असेही कोणी म्हणू नये. एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी माउलींच्या पालखी सोहळ्याला आजचे रूप दिले, तेव्हा अंकलीच्या शितोळे सरकारांकडून घोडे आणि तंबू आले. सोहळ्याची घडी बसली ती सामानाच्या व्यवस्थेसकट. वारकऱ्याचे खांदे मोकळे दिसतात ते ओझे वाटून घेतले म्हणून. गेटवूडबाईंचीही पूर्ण हकीगत सांगायला हवी. १९५४ सालचा त्यांचा पहिला प्रयत्न वाट चुकल्याने आणि चष्मा फुटल्याने सुरुवातीलाच थांबला होता. आणि यशस्वी फेरीतही वाटेवरच्या अनेक घरांनी त्यांना जेवू घातले, झोपायला जागा दिली.

आता जालना जिल्ह्यातल्या वाटूरचा विचार करा. मुक्ताईची पालखी देऊळगावराजा, जालना, अंबड या वाटेने बीडकडे उतरते. शेगावची गजानन महाराजांची पालखी परभणी, गंगाखेड, परळीवरून जाते. वाटूर या दोन्ही वाटांच्या मधे पडते. इथला माणूस दिंडी गाठायला जालन्याला गेला तर प्रश्न मिटला. पण घरून परतूरच्या रस्त्याला लागून एकटाच पंढरपूरला निघाला, तर पुढचे अडीचशेहून अधिक किलोमीटर त्याच्या मागे ना ट्रक ना टँकर. ‘काही लागत नाही’ हा उपदेश त्याला सर्वांत जास्त नडतो, आणि श्रद्धेच्या नावाने तो त्यालाच आधी केला जातो.

मग त्याने काय घ्यावे? आपल्या आजोबांची पडशी मला इथे फार शहाणी वाटते: एक कप्पा छातीवर, एक पाठीवर. दत्ता आणि रामनाथन या भारतीय संशोधकांनी ओझे वाहण्याच्या सात पद्धती ताडून पाहिल्या आणि १९७१ साली निष्कर्ष छापले. पुढेमागे विभागलेल्या ओझ्याला शक्ती सर्वांत कमी लागली, डोक्यावरचे ओझे त्याच्या जवळपास होते, आणि हातात धरलेले सर्वांत महाग पडले. म्हणून पिशव्या हातात लोंबकळवत निघू नये. पाठपिशवीच घ्यायची असेल तर जड वस्तू पाठीला लागून ठेवावी, तळाशी किंवा बाहेरच्या कप्प्यात नाही.

पायांचा विचार इथल्या मातीवरून करावा. मृगाचा एक पाऊस झाला की काळी चिकण माती खोल नक्षीच्या तळव्यात गच्च बसते आणि प्रत्येक पाऊल जड होते. डोंगरासाठी केलेला बूट इथे उपयोगाचा नाही. बाभळीच्या काट्यांमुळे अनवाणी चालणेही धोक्याचे. सपाट, जाड तळव्याची, धुता येणारी, आणि मुख्य म्हणजे आधी महिनाभर वापरून मऊ झालेली चप्पल घ्यावी. सुती कपडे थंड प्रदेशात घातक मानतात. मराठवाड्याच्या उकाड्यात पातळ धोतर आणि पंचा योग्यच, कारण ते वाऱ्यावर लवकर वाळतात. फक्त रात्रीचा एक जोड प्लॅस्टिकमध्ये बांधून कोरडा राखावा. घोंगडी ओली झाली तरी ऊब देते, पण भिजल्यावर तिचे वजन पेलत नाही. एकट्याने पातळ चादर आणि मोठा प्लॅस्टिकचा कागद घ्यावा.

एक आक्षेप उरतो: गावोगावी माणसे पाणी देतात, जेवू घालतात, मग वाहायचे कशाला? देतात, हे खरे आहे. पण दिंडीची तिथी गावाला ठाऊक असते आणि गाव त्या तयारीत असते. एकटा माणूस अवचित दारात येतो. तो ज्येष्ठाचा महिना असतो. विहिरी तळाला गेलेल्या, कित्येक गावे स्वतःच टँकरच्या पाण्यावर, घरची माणसे पेरणीच्या घाईत. अशा दारात पाणी मागितले तर नाही कोणी म्हणणार नाही. पण ती घागर घरातल्या बाईने लांबून डोक्यावर आणलेली असते. दोन लिटर पाण्याचे वजन दोनच किलो. निघताना ते भरून घ्यावे, दिवसभराच्या दशम्या आणि चटणी बांधून घ्यावी, आणि पाणी मागायचेच तर गावाच्या सार्वजनिक नळावर मागावे.