२२ जून १८९७ : कट कुणाचा?

जयू आणि नचिकेत पटवर्धन यांचा ‘२२ जून १८९७’ हा मराठी सिनेमा १९७९ साली आला. नावातच तारीख. त्या रात्री राणी व्हिक्टोरियाच्या राज्याला साठ वर्षं झाली म्हणून पुण्यात गणेशखिंडीला मेजवानी होती. तिथून परतणाऱ्या रँडवर चापेकर बंधूंनी गोळ्या झाडल्या. त्याच हल्ल्यात आयर्स्ट नावाचा लष्करी अधिकारीही मारला गेला. रँड ३ जुलैला गेला. आपल्या जैन घरांत मुंगी वाचवायला शिकवतात, त्यामुळे तो मेलेला आयर्स्ट माझ्या मनातून काही जात नाही.

पण सरकारला दोघातिघा भावांचं हे काम आहे हे पटेच ना. मागे मोठा कट असणार, पुण्याच्या बड्या लोकांचा हात असणार! टिळकांना २७ जुलैला धरलं. खुनाचा पुरावा नव्हताच. ‘केसरी’तल्या लिखाणाबद्दल राजद्रोह लावून दीड वर्षाची शिक्षा दिली. नातू बंधूंना तर खटलाच न चालवता कोंडून ठेवलं. शेवटी वीस हजारांच्या बक्षिसाने काम झालं. ओळखीतल्याच द्रविड बंधूंनी माहिती दिली. पुढे चापेकरांच्या धाकट्याने, वासुदेवाने, रानडेला सोबत घेऊन द्रविडांना मारलं. १८९८-९९ मध्ये तिघे भाऊ आणि महादेव रानडे फासावर गेले. एका आईची तीन पोरं, बघा!

रँडवर एवढा राग का, हे मात्र माजघरात शिरल्याशिवाय कळत नाही. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोगाचा कायदा झाला (हाच कायदा २०२० मध्ये कोरोनाच्या वेळी पुन्हा वापरला गेला). प्लेगचे रोगी शोधायला गोरे सोल्जर घरात घुसत. देवघरापर्यंत बूट जात. बायकांना बाहेर काढून तपासत. रोग खरा होता, माणसं पटापट मरत होती, तपासणी हवीच होती. पण परक्या पुरुषाने, सगळ्यांसमोर?

गोखले तेव्हा विलायतेत होते. पुण्याहून आलेल्या पत्रांवरून त्यांनी तिथल्या वर्तमानपत्रात सांगितलं की दोन बायकांवर अत्याचार झाला आणि त्यातल्या एकीने जीव दिला. सरकार म्हणालं, पुरावा द्या. आता साक्षीला कोण उभी राहणार होती? त्या काळी कुठली सासू सुनेला कचेरीत पाठवेल? आजही आपल्या बालाघाटात किती जणी जातात? पत्रं लिहिणाऱ्यांची नावं गोखल्यांनी सांगितली नाहीत आणि ऑगस्टमध्ये जाहीर माफी मागितली. मग सरकारने धरून चाललं की असं काही घडलंच नाही. कटाचा पुरावा नसताना माणसं तुरुंगात गेली, आणि इथे पुरावा नाही म्हणून बायकांची गोष्ट खोटी ठरली.

पंडिता रमाबाईंनी त्याच साली प्लेगच्या इस्पितळात बायकांचं काय होतं ते छापून आणलं होतं. त्यांनाही सरकारने खोटंच पाडलं.