सात जय, सात पराजय

इतिहासाला पहिला नंबर आवडतो, आणि फारच फजिती झाली असेल तर शेवटचाही. मधल्यांची बखर कोणी लिहीत नाही. शाळामास्तराला हा पक्षपात कसा पटावा? त्याच्या वर्गात पहिला एक, शेवटचा एक, आणि बाकी सारे मधलेच! म्हणून यंदा फराळाच्या ताटाशेजारी एका मधल्याच संघाची हकीकत ठेवीत आहे. संघ मुंबई इंडियन्स, साल २००८, क्रमांक पाचवा.

आयपीएलचे ते पहिलेच वर्ष. जानेवारीत आठ संघांचा लिलाव झाला, त्यात मुंबई सर्वांत महाग गेली. रिलायन्सने तिच्यासाठी ११ कोटी १९ लाख डॉलर मोजले. सर्वांत स्वस्त राजस्थान, ६ कोटी ७० लाखांना. आमच्याकडे बैल घेणारा दात पाहतो, चालवून पाहतो, आणि तरीही कधीकधी फसतो. इथेही तसेच झाले. करंडक राजस्थानने नेला!

मुंबईचा कप्तान सचिन तेंडुलकर. पण जांघेच्या दुखापतीने तो पहिले सात सामने बाहेरच बसला. त्याच्या जागी हरभजनसिंग आला. तीन सामने झाले, तिन्ही हरले. तिसरा २५ एप्रिलचा, मोहालीचा. तो संपताच हरभजनने श्रीशांतच्या थोबाडीत मारली आणि अकरा सामन्यांची बंदी ओढवून घेतली. मग कप्तानपद आले शॉन पोलॉककडे. २७ एप्रिलला गाठ पडली डेक्कन चार्जर्सशी. आपल्या बीडमध्ये जन्मलेला संजय बांगर त्या वर्षी याच संघात होता, हे जाता जाता सांगून ठेवतो. मुंबईने १५४ धावा केल्या. गिलख्रिस्टने ४२ चेंडूंत शतक ठोकले, आणि डेक्कनने एकही गडी न गमावता १२ षटकांत सामना संपवला. चार सामने, चार पराभव!

आणि मग वारे फिरले. मुंबईने लागोपाठ सहा सामने जिंकले. १४ मे रोजी सचिन मैदानात उतरला, त्याच दिवशी जयसूर्याने ४८ चेंडूंत नाबाद ११४ धावा कुटल्या. दोन दिवसांनी कोलकत्याचा सारा संघ ६७ धावांत गारद झाला. कड्यात तेव्हा भारनियमनाचा अंमल होता. ऐन रंगात वीज जायची, आणि निकालासाठी नगरच्या मेहुण्याला फोन लावावा लागे. त्या दिवसांत मेहुणे भलतेच भाव खात.

२१ मे रोजी वानखेडेवर पंजाबने १८९ धावा केल्या. सचिन ६५ धावा करून धावबाद झाला. शेवटी मुंबईचा डाव १८८ वर आटोपला. एका धावेने हार! पाठोपाठ दिल्लीशी हरले. जयपुरात राजस्थानने अगदी शेवटच्या चेंडूवर हरवले. अखेरचा बंगळूरचा सामना जिंकला, पण वऱ्हाड निघून गेल्यावर मांडवात पोचण्यातला तो प्रकार. सात जय, सात पराजय, गुण १४. दिल्लीचेही विजय सातच. पण त्यांचा एक सामना पावसाने धुतला, त्याचा एक गुण मिळून झाले १५. उपान्त्य फेरीत चौथी जागा दिल्लीला मिळाली.

लोक अजून म्हणतात, पंजाबविरुद्धच्या त्या एका धावेने घात केला. पस्तीसऐवजी चौतीस गुण पडलेल्या मुलाचा बापही असाच शेवटच्या प्रश्नावर बोट ठेवून मास्तराशी वाद घालतो. पण हुकलेला गुण काय शेवटच्याच प्रश्नात असतो? तो पहिल्या पानावरही असतो. डेक्कनने त्या साऱ्या मोसमात अवघे दोन सामने जिंकले, त्यांतला एक मुंबईकडून. तो एक जिंकला असता, तरी सोळा गुण होत होते.

मुंबईचे नशीब थोर ते वेगळ्याच बाबतीत. तिला पुढले वर्ष मिळाले. २००९ मध्ये सातवी, २०१० मध्ये अंतिम सामन्यात पराभूत, आणि २०१३ साली विजेती. पुढे २०१७ चा अंतिम सामना हैदराबादेत झाला, तारीख पुन्हा २१ मे! मुंबई १२९, पुणे १२८. नऊ वर्षांपूर्वी गेलेली एक धाव त्याच तारखेला परत आली. परंतु ज्या पुण्याकडून ती आली, त्या संघाचा करारच दोन वर्षांचा. त्याला पुढले वर्ष नव्हते. ती धाव परत मिळवायला पुन्हा कोणी मैदानात उतरलेच नाही.

मधल्याला बक्षीस नको असते. पुढल्या वर्षी हजेरीपटावर नाव असले म्हणजे पुष्कळ झाले. दिवाळीच्या आगेमागे आमच्या आष्टी तालुक्यातून ऊसतोडीच्या गाड्या निघतात. मायबापांबरोबर वर्गातली काही पोरेही जातात. त्यांतली बहुतेक मधलीच असतात, सात उत्तरे बरोबर, सात चूक. ती परत येईतो त्यांची नावे पटावरून खोडू नयेत, एवढेच मागणे या दिवाळीला मागतो.